शिवाजीनगर कोर्टाबाहेर, टायपिस्टला

लिहा.
मी, रत्नप्रभा दौलत कुदळे,
वय चौऱ्याहत्तर, राहणार मंगळवार पेठ,
धंदा... घाला, निवृत्त परिचारिका.
कवयित्री नको. त्याचा पुरावा मागतात.

सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सत्त्याऐंशी साली, नाइट ड्यूटीत,
खाट नंबर नऊचा ताप उतरायची वाट बघत
तापाच्या तक्त्यामागं मी एक गाणं लिहिलं.
पाटा वरवंट्याशी बोलतो, असं.
हो, तेच.
तुमच्या बहिणीच्या हळदीला वाजलं असेल.
सगळ्यांच्याच वाजतं.

पुढं लिहा.
तपकीर गल्लीत, जिन्याखाली, मधुपर्क कॅसेट्सचं दुकान होतं.
नवलखे शेठनी पंच्याहत्तर रुपये दिले, दोन कॅसेटी,
आणि एका कागदावर, रेव्हेन्यू तिकिटावर आडवी, सही घेतली.
कागदात होतं, यावच्चंद्रदिवाकरौ.
मला वाटलं, आशीर्वाद आहे.
हे नका लिहू. हसतील.

कॅसेटीवर गाणारणीचं नाव मोठं,
ढोलकीवाल्याचं बारीक,
आणि गीत : पारंपरिक.
मी विचारायला गेले, डबा हातात, ड्यूटीच्या आधी.
शेठ म्हणाले, बाई, उलट मान आहे हा.
परंपरा म्हटलं की माणसं डोक्यावर घेतात,
तुमचं नाव टाकलं तर विचारतील, या कोण.
मी छत्तीस वर्षांची होते,
पांढरे बूट, पिनांनी बसवलेली टोपी.
परंपरेला कधी असं उन्हात
पीएमटीसाठी पळताना बघितलंय तुम्ही?

शेठ गेले. मुलानं गाणी खोक्यानं विकली,
घेणाऱ्यानं आणखी कुणाला.
आता मोबाइलवर लाखांनी ऐकतात म्हणे
आणि खाली कुठल्या तरी लिमिटेडचं नाव येतं.
पारंपरिकलाही मालक असतो, मला नव्हतं माहीत.
नातीच्या हळदीचा व्हिडिओ टाकला
तर आवाजच काढून घेतला त्यातला.
मी पाट्यापाशी बसलेय, ओठ हलतायत,
चित्रातली सगळी माणसं मुकी,
आणि एक सूचना, की हे गाणं तुमचं नाही.

रॉयल्टीच्या ऑफिसातली मुलगी चांगली होती. पाणी दिलं.
म्हणाली, आजी, हे लोकगीत आहे हो,
माझी पणजी म्हणायची.
तिची पणजी!
मी बोटांवर वर्षं मोजली आणि गप्प बसले.
राग आला. आणि, प्रतिज्ञेवर खोटं कशाला बोलू,
जरा बरंही वाटलं.

पुरावा म्हणाल तर दोन.
एक, तिसरं कडवं. वरवंट्याचं उत्तर.
बी बाजूची टेप संपली म्हणून शेठनी कापलं,
ते कुणालाच येत नाही.
ते इथं घालू नका. झेरॉक्स निघतील.

दुसरा. मी लिहिलं होतं, हळू वाट.
गाणारीण चष्मा विसरली होती, तिनं हळद वाट म्हटलं.
शेठ म्हणाले, राहू द्या, हळद खपते.
अहो, पाट्याला काय करायची हळद?
उद्या पोर जाणार.
वाटण सरलं की रात्र सरली,
म्हणून म्हणतो तो, हळू. उरकू नकोस.

किती झाले? पानाला साठ?
घ्या. तुमचं बरंय, पान भरलं की पैसे.

थांबा, एकदा वाचून दाखवा.
...मी लिहिलं होतं हळद वाट, तिनं हळद वाट...
दोन्हीकडं हळदच पडली की.
तुमचा दोष नाही, बोटांना तीच सवय.
व्हाइटनर चालत नाही कोर्टात?
मग?
खोडायचं, वर हातानं बरोबर शब्द लिहायचा,
आणि त्याच्या शेजारी माझी सही.
तेवढ्या एका शब्दाशेजारी?

द्या पेन.